घरातील बुरशीची तपासणी

घरातील बुरशीची तपासणी म्हणजे राहत्या घरात बुरशी वाढली आहे काय, ती कोठे व किती पसरली आहे आणि तिला पोसणारी ओल कोठून येते, याचा जाणकार तपासनिसाकडून करून घेतलेला शोध होय. स्वतंत्र व्यवसाय म्हणून ही तपासणी मुख्यतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत रुजली. तेथे मध्यम आकाराच्या घराच्या तपासणीस साधारणतः ३०० ते १,००० डॉलर खर्च येतो. घराचा आकार, तपासनिसाला लागणारा वेळ आणि प्रयोगशाळेत पाठविल्या जाणाऱ्या नमुन्यांची संख्या यांवर ही रक्कम ठरते. डोळ्यांना दिसणाऱ्या बुरशीसाठी नमुना-चाचणी बहुधा अनावश्यक असते, असे तेथील शासकीय संस्थांचे मत आहे. त्यामुळे तपासणीवर किती खर्च करावा, हा प्रश्न तपासणीतून नेमके काय जाणून घ्यावयाचे आहे, या प्रश्नाशी जोडलेला आहे.

पार्श्वभूमी

बुरशीचे बीजाणू हवेत सर्वत्र असतात. ते पूर्णपणे नसलेले घर आढळत नाही. बीजाणू रुजून वाढण्यासाठी ओलावा, सेंद्रिय खाद्य आणि मध्यम तापमान लागते. यांपैकी खाद्य व तापमान प्रत्येक घरात उपलब्ध असते. म्हणून बुरशीचे नियंत्रण म्हणजे मूलतः ओलाव्याचे नियंत्रण होय. पाण्याने भिजलेला भाग २४ ते ४८ तासांत कोरडा केल्यास बुरशी सहसा धरत नाही. घरातील सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली, शक्यतो ३० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान ठेवावी, अशी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेची (ईपीए) शिफारस आहे.

अमेरिकेतील बहुसंख्य घरे लाकडी सांगाड्याची असतात. सांगाड्यावर जिप्समचे तक्ते ठोकून भिंती उभारल्या जातात. या तक्त्यांच्या दोन्ही बाजूंना कागदाचे आवरण असते आणि ओला कागद हे बुरशीचे आवडते खाद्य आहे. भिंत आतून पोकळ असल्याने गळक्या नळाचे पाणी आत झिरपत राहिले तरी बाहेरचा रंग कित्येक महिने शाबूत दिसू शकतो. १९७० च्या दशकातील ऊर्जाटंचाईनंतर ऊर्जेची बचत व्हावी म्हणून घरे अधिकाधिक हवाबंद बांधली जाऊ लागली. त्यामुळे आत शिरलेली ओल बाहेर पडण्यास वाव कमी राहिला. तळघरे, पोटमाळे, वातानुकूलनाच्या नलिका आणि स्नानगृहांच्या मागील भिंती ही बुरशीची नेहमीची ठिकाणे होत.

महापुरांनंतर हा प्रश्न एकाच वेळी हजारो घरांत उद्भवतो. २००५ साली कॅटरिना चक्रीवादळानंतर न्यू ऑर्लिन्स परिसरातील निवडक घरांची पाहणी करण्यात आली, तेव्हा सुमारे ४६ टक्के घरांत डोळ्यांना दिसणारी बुरशी आढळली.

बुरशी आणि आरोग्य

अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या संस्थेने २००४ साली ओलसर घरे व आरोग्य या विषयावर अहवाल प्रसिद्ध केला. ओल व बुरशी असलेल्या घरांत राहणे आणि नाक-घशाचे त्रास, खोकला, छातीतील घरघर व दमेकऱ्यांची लक्षणे बळावणे यांत संबंध असल्याचा पुरेसा पुरावा असल्याचे त्यात नमूद आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली ओल व बुरशीविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. बुरशीची अमुक एक पातळी सुरक्षित, असा आकडा सांगता येत नाही; म्हणून ओल टाळणे आणि बुरशी दिसताच ती दूर करणे हाच उपाय होय, असा या तत्त्वांचा आशय आहे.

‘काळी बुरशी’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या स्टॅकिबॉट्रिस चार्टेरम या जातीविषयी लोकांत विशेष भीती आहे. १९९० च्या दशकात क्लीव्हलँड शहरात तान्ह्या मुलांच्या फुप्फुसांतील रक्तस्रावाची काही प्रकरणे उघडकीस आली आणि त्यांचा संबंध या बुरशीशी जोडला गेला. पुढे रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्रांनी (सीडीसी) त्या अभ्यासाचे पुनरवलोकन करून २००० साली हा संबंध सिद्ध होत नसल्याचे जाहीर केले. रंगावरून बुरशीची जात किंवा तिचा धोका ठरविता येत नाही. काळ्या रंगाच्या इतरही अनेक बुरश्या घरांत सर्रास आढळतात. जात कोणतीही असली तरी उपाय एकच असतो, असे सीडीसीचे सांगणे आहे.

तपासणीची पद्धत

तपासणीचे साधारणतः तीन टप्पे असतात.

पहिला टप्पा विचारपूस आणि प्रत्यक्ष निरीक्षण हा आहे. घरात पूर्वी गळती किंवा पूर येऊन गेला होता काय, कुबट वास कोणत्या खोलीत व केव्हा येतो, घरातील कोणाचा त्रास घराबाहेर गेल्यावर कमी होतो काय, अशी माहिती तपासनीस घेतो. त्यानंतर तो छप्पर, पन्हळी, पोटमाळा, खिडक्यांच्या चौकटी, मोऱ्यांखालचे नळ, तळघर व घराभोवतालच्या जमिनीचा उतार पाहतो.

दुसरा टप्पा ओलाव्याच्या मोजमापाचा. ओलावामापकाने भिंतीतील व लाकडातील ओल मोजली जाते. उष्णताचित्रण कॅमेऱ्याने भिंतीवरील थंड पट्टे दिसतात. असा पट्टा ओलीमुळे असू शकतो, तसाच उष्णतारोधक थर अपुरा असल्यामुळेही असू शकतो. म्हणून कॅमेऱ्यात संशयास्पद दिसलेली जागा ओलावामापकाने पडताळून पाहणे आवश्यक असते. गरज भासल्यास भिंतीला बारीक छिद्र पाडून आत नलिकादर्शी कॅमेरा घातला जातो.

तिसरा टप्पा नमुने घेण्याचा. तो प्रत्येक तपासणीत असतोच असे नाही. पृष्ठभागावरील नमुना चिकटपट्टीने किंवा बोळ्याने घेतात. हवेचा नमुना घेण्यासाठी एका लहान पंपाने हवा चिकट काचपट्टी असलेल्या डबीतून ओढली जाते. मिनिटाला १५ लिटर या वेगाने पाच मिनिटे, म्हणजे एकूण ७५ लिटर हवा, ही प्रचलित पद्धत आहे. तुलनेसाठी घराबाहेरच्या हवेचा किमान एक नमुना घ्यावा लागतो. प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू मोजून त्यांचे प्रमाण दर घनमीटरला कळविले जाते.

खर्च

पुढील आकडे अमेरिकेतील २०२० च्या दशकातील साधारण दरांचे आहेत. राज्य, शहर आणि घराची स्थिती यांनुसार त्यांत मोठा फरक पडतो.

| बाब | साधारण खर्च (डॉलर) |
|---|---|
| केवळ निरीक्षण व ओलावा मोजणी, लहान किंवा मध्यम घर | ३०० ते ५०० |
| निरीक्षण व काही नमुने, मोठे घर | ७०० ते १,००० किंवा अधिक |
| हवेचा किंवा पृष्ठभागाचा प्रत्येक नमुना, प्रयोगशाळा शुल्कासह | ५० ते १५० |
| धुळीची जनुकीय चाचणी | १५० ते ३०० |
| निर्मूलनानंतरची फेरतपासणी | २०० ते ५०० |
| दुकानात मिळणारा घरगुती चाचणी संच | १० ते ५०; प्रयोगशाळा शुल्क बहुधा वेगळे |

एकूण रक्कम कशी वाढते, हे एका काल्पनिक उदाहरणावरून स्पष्ट होईल. निरीक्षणाचे शुल्क ३५० डॉलर आणि प्रत्येक नमुन्याचे ७५ डॉलर आहे, असे समजू. दोन खोल्यांतील हवा, बाहेरची हवा आणि भिंतीवरील एक डाग असे चार नमुने घेतल्यास ३०० डॉलर होतात आणि देयक ६५० डॉलरवर जाते. प्रत्येक खोलीतील हवेचा नमुना घेण्याचे ठरल्यास चाचणीचा खर्च निरीक्षणाच्या खर्चाहून अधिक होतो. मूळ शुल्क कमी सांगून पुढे नमुन्यांची संख्या वाढविण्याची प्रथाही या व्यवसायात आढळते. म्हणून काम सुरू होण्यापूर्वी मूळ शुल्क, नमुन्यांची संख्या, प्रत्येकाचा दर, प्रवासखर्च आणि लेखी अहवालाचे शुल्क स्वतंत्रपणे लिहून घेणे ग्राहकाच्या हिताचे ठरते.

खर्च वाढविणाऱ्या इतर बाबी अशा: घराचे क्षेत्रफळ, रांगत शिरावे लागणारे अरुंद तळघर, एकापेक्षा अधिक वातानुकूलन यंत्रणा, भिंत उघडून पाहण्याची गरज आणि अहवाल तातडीने हवा असणे.

चाचणीच्या मर्यादा

घरातील बुरशीच्या किंवा बीजाणूंच्या प्रमाणावर अमेरिकेच्या संघराज्य शासनाने कोणतीही मर्यादा घातलेली नाही. कॅलिफोर्निया राज्याने २००१ साली अशी मर्यादा ठरविता येईल काय, हे तपासण्याचा कायदा केला होता. तथापि उपलब्ध शास्त्रीय ज्ञानाच्या आधारे ती ठरविणे शक्य नाही, असा निष्कर्ष तेथील आरोग्य खात्याने काढला. परिणामी, चाचणीत आलेला आकडा ‘उत्तीर्ण’ की ‘अनुत्तीर्ण’, हे सांगणारे कायदेशीर मोजमाप अस्तित्वात नाही.

हवेच्या नमुन्याच्या अंगभूत मर्यादाही आहेत. ७५ लिटर हवा म्हणजे विश्रांत अवस्थेतील माणूस सुमारे दहा मिनिटांत श्वासावाटे घेतो तेवढी हवा. बीजाणूंचे प्रमाण पाऊस, वारा, उघड्या खिडक्या आणि झाडलोट यांमुळे तासागणिक बदलते. ॲस्परजिलस व पेनिसिलियम या दोन प्रजातींचे बीजाणू सूक्ष्मदर्शकाखाली एकमेकांपासून वेगळे ओळखता येत नसल्याने त्यांची मोजणी एकत्रच दाखविली जाते. स्टॅकिबॉट्रिसचे बीजाणू ओले असताना चिकट असतात व सहजी हवेत उडत नाहीत. त्यामुळे भिंतीत ही बुरशी असूनही हवेचा नमुना निर्दोष येऊ शकतो. ताटलीत बुरशी वाढवून दाखविणाऱ्या घरगुती संचांत बहुतेक वेळा काही ना काही उगवतेच, कारण बीजाणू प्रत्येक घरात असतात. त्यावरून घरात बुरशीची वाढ झाली आहे, असे सिद्ध होत नाही.

धुळीतील ३६ जातींच्या बुरशीचे जनुकीय प्रमाण मोजून घराला एक गुणांक देणारी पद्धत ईपीएच्या संशोधकांनी विकसित केली. मात्र ती संशोधनासाठी असून घरोघरच्या नित्य वापरासाठी प्रमाणित केलेली नाही, असे त्या संस्थेने स्पष्ट केले आहे. तरीही अनेक खासगी प्रयोगशाळा ही चाचणी ग्राहकांना विकतात.

याचा अर्थ नमुना-चाचणी सदैव निरुपयोगी असते, असा नाही. भिंतीवरील डाग बुरशीचा आहे की काजळीचा, याची शंका असल्यास पृष्ठभागाचा एक नमुना उपयोगी पडतो. निर्मूलन नीट झाले की नाही हे पाहण्यासाठी, तसेच न्यायालयात किंवा विमा कंपनीपुढे पुरावा म्हणूनही नमुने घेतले जातात. प्रत्येक नमुन्यामागे एक निश्चित प्रश्न असावा आणि त्याच्या उत्तराने पुढील कृतीत फरक पडावा, हा या क्षेत्रातील मान्य दंडक आहे.

परवाने आणि हितसंबंधांचा संघर्ष

तपासनीस आणि बुरशी काढणारा कंत्राटदार एकच असल्यास बुरशी अधिक असल्याचे दाखविण्यात त्याचा लाभ असतो. निर्मूलनाचा खर्च हजारापासून कित्येक हजार डॉलरपर्यंत जाऊ शकतो. काही कंत्राटदार ‘विनामूल्य तपासणी’ देऊ करतात. तिची किंमत पुढील कामातून वसूल होण्याची शक्यता असते. स्वतंत्र तपासनिसाला दिलेले शुल्क हे मुख्यतः अशा निःपक्ष मतासाठीच दिलेले असते.

हा संघर्ष टाळण्यासाठी काही राज्यांनी कायदे केले आहेत. टेक्सासने २००३ साली परवाना पद्धत आणणारा कायदा केला. तेथे एकाच प्रकल्पात तपासणी व निर्मूलन ही दोन्ही कामे एकाच व्यक्तीला करता येत नाहीत. मात्र सलग २५ चौरस फुटांपेक्षा कमी बुरशीला परवान्याचे नियम लागू होत नाहीत. फ्लोरिडात ज्या वास्तूची तपासणी केली, तेथे बारा महिन्यांच्या आत निर्मूलनाचे काम करण्यास तपासनिसाला मनाई आहे. न्यूयॉर्क राज्याचा कायदा २०१६ च्या आरंभापासून अमलात आहे. त्यानुसार तपासनिसाने लेखी निर्मूलन-योजना द्यावयाची, दुसऱ्या परवानाधारकाने काम करावयाचे आणि शेवटी पुन्हा तपासणी व्हावयाची, असा क्रम आहे. अनेक राज्यांत मात्र परवान्याची अटच नाही. तेथे ग्राहकाला खासगी संस्थांची प्रमाणपत्रे, अनुभव आणि पूर्वीच्या अहवालांचे नमुने यांवर विसंबावे लागते.

खर्च कोण करतो

घराच्या खरेदीत बुरशी-तपासणीचा खर्च सहसा खरेदीदार करतो. खरेदीपूर्वीच्या सर्वसाधारण गृहतपासणीत बुरशीची चाचणी अंतर्भूत नसते. ती वेगळी सांगावी लागते. दोष आढळल्यास किंमत कमी करणे किंवा विक्रेत्याकडून दुरुस्ती करून घेणे, यावर वाटाघाटी होतात.

विम्याच्या बाबतीत २००१ हे वर्ष महत्त्वाचे ठरले. टेक्सासमधील एका घरमालकिणीने विमा कंपनीविरुद्ध लावलेल्या खटल्यात ज्यूरीने सुमारे ३.२ कोटी डॉलरची भरपाई मंजूर केली. अपिलात ती सुमारे ४० लाखांवर आली. परंतु बुरशीविषयीच्या दाव्यांची लाट उसळली आणि अनेक विमा कंपन्यांनी बुरशीला विम्यातून वगळले किंवा तिच्या भरपाईवर कमाल मर्यादा घातली. आज नळ अचानक फुटण्यासारख्या घटनेतून उद्भवलेली बुरशी काही विम्यांत मर्यादित रकमेपर्यंत धरली जाते. दीर्घकाळच्या दुर्लक्षित गळतीतून आलेली बुरशी सहसा धरली जात नाही.

भाडेकरूंची स्थिती अधिक नाजूक असते. ओल पुष्कळदा इमारतीच्या दोषामुळे येते व तिची दुरुस्ती भाडेकरूच्या हाती नसते. त्रास मात्र त्याच्या कुटुंबाला होतो. अशा वेळी स्वतःच्या पैशाने तपासनीस आणण्यापूर्वी उपलब्ध शासकीय मार्ग पाहणे हितावह असते. न्यूयॉर्क शहरातील भाडेकरू ३११ या क्रमांकावर तक्रार नोंदवून महापालिकेच्या निरीक्षकाकडून विनामूल्य पाहणी करून घेऊ शकतो. तेथील २०१८ च्या स्थानिक कायद्याने बुरशी व तिच्या मुळाशी असलेली ओल दूर करण्याची जबाबदारी अनेक सदनिकांच्या इमारतींच्या मालकांवर टाकली आहे. कॅलिफोर्नियात २०१६ पासून डोळ्यांना दिसणारी बुरशी हा निवासास अयोग्य स्थितीचा एक निकष आहे. त्यासाठी नमुना-चाचणीचा पुरावा लागत नाही. लेखी तक्रार, तारखेसह छायाचित्रे आणि गळतीची नोंद यांना खर्च नसतो, पण पुढील वादात ती उपयोगी पडतात.

तपासणी केव्हा आवश्यक

सुमारे १० चौरस फुटांपेक्षा, म्हणजे साधारण तीन फूट लांब व तीन फूट रुंद जागेपेक्षा, कमी बुरशी बहुतेक वेळा घरमालक स्वतः साफ करू शकतो, असे ईपीएचे मार्गदर्शन आहे. त्यासाठी आधी गळती बंद करणे, कठीण पृष्ठभाग साबणाच्या पाण्याने घासून पूर्ण कोरडा करणे आणि भिजलेले सच्छिद्र साहित्य काढून टाकणे आवश्यक असते. काम करताना मुखपट, हातमोजे व संरक्षक चष्मा वापरावा. बुरशीवर नुसता रंग लावल्यास ती नाहीशी होत नाही. काही काळाने रंगाचे पापुद्रे सुटतात.

पुढील परिस्थितीत तज्ज्ञ तपासणीचा खर्च सयुक्तिक मानला जातो: कुबट वास येतो पण बुरशी दिसत नाही, बुरशी पुनःपुन्हा येते व ओलीचे मूळ सापडत नाही, मोठ्या क्षेत्रावर किंवा वातानुकूलन यंत्रणेत वाढ झाली आहे, घरात पुराचे किंवा सांडपाण्याचे पाणी शिरले होते, अथवा मालक, भाडेकरू व विमा कंपनी यांच्यात वाद आहे. चांगल्या अहवालात ओलीचे मूळ, बाधित भागाचा नकाशा, ओलाव्याची मोजमापे, छायाचित्रे आणि करावयाच्या कामाचा क्रम दिलेला असतो. केवळ बीजाणूंच्या संख्यांचा तक्ता असलेल्या अहवालावरून दुरुस्ती करता येत नाही.

इतर देश

ब्रिटनमध्ये डिसेंबर २०२० मध्ये रॉचडेल येथे अवाब इशाक या दोन वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला. सामाजिक गृहयोजनेतील त्याच्या घरातील बुरशीच्या दीर्घ संपर्कामुळे झालेला श्वसनविकार मृत्यूस कारणीभूत ठरला, असा निष्कर्ष मृत्युसमीक्षकाने २०२२ साली नोंदविला. त्याच्या पालकांनी घरातील बुरशीविषयी घरमालक संस्थेकडे तक्रारी केल्या होत्या. त्यानंतर इंग्लंडसाठी करण्यात आलेल्या ‘अवाबचा कायदा’ या तरतुदींनुसार सामाजिक गृहसंस्थांना ओल व बुरशीच्या तक्रारींची ठरावीक मुदतीत चौकशी करावी लागते. ऑक्टोबर २०२५ पासून त्यांची अंमलबजावणी सुरू झाली. येथे तपासणीचा भार भाडेकरूवर नसून घरमालक संस्थेवर आहे.

भारतात घरगुती बुरशी-तपासनिसांसाठी अमेरिकेतील काही राज्यांसारखी स्वतंत्र परवाना पद्धत नाही. कोकण, गोवा व मुंबई परिसरात पावसाळ्यात हवेतील आर्द्रता दीर्घकाळ ८० टक्क्यांच्या वर राहते. तेथे भिंती, लाकडी कपाटांच्या पाठी, चामड्याच्या वस्तू व पुस्तके यांवर बुरशी येणे नित्याचे आहे. विटा-सिमेंटच्या भिंतींत कागदी आवरणाचे तक्ते नसल्याने बुरशी मुख्यतः रंग, धूळ व लाकूड यांवर वाढते. भिंतीवर येणारा पांढरा लोणा म्हणजे बुरशी नव्हे; तो ओलीबरोबर पृष्ठभागावर आलेला क्षार असून पाण्यात विरघळतो. तथापि लोणा हेही ओलीचेच लक्षण होय.

शहरांत गळतीची पाहणी बहुधा जलरोधनाचे काम करणारे कंत्राटदारच करतात. त्यामुळे पाहणी करणारा व काम करणारा एकच असण्याचा प्रश्न येथेही उद्भवतो. मोठ्या कामापूर्वी स्वतंत्र संरचना अभियंत्याचे मत घेणे हा त्यावरील उपाय आहे. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्यामुळे तसेच सामाईक नळ व सांडपाण्याच्या वाहिन्यांमुळे होणारी गळती दुरुस्त करण्याचा खर्च संस्थेने करावयाचा असतो. सदनिकेच्या आतील दुरुस्तीचा खर्च सभासदाकडे येतो. म्हणून ओल बाहेरच्या भिंतीतून येते की वरच्या सदनिकेच्या स्नानगृहातून, हे आधी निश्चित करणे खर्चाच्या वाटपासाठीही निर्णायक ठरते.

हे सुद्धा पहा

- बुरशी
- सापेक्ष आर्द्रता
- दमा
- जलरोधन
- सहकारी गृहनिर्माण संस्था